सातव्या लेखाचे ठसे

धारवाड, ९ जून १९७४

चि. वादिराज यास शेषगिरीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्रक पोचलं. छापील! सख्ख्या थोरल्या भावाला 'आदरणीय विद्वान महोदय' असा मायना. पोस्टमनने लग्नपत्रिका समजून ते तुझ्या वैनीच्या हातात दिलं, तिने मुलगी कोणाची म्हणून विचारलं. मी म्हटलं, मुलगी आपल्याच घरची, पळवून नेली आहे.

कारण 'कल्बरह' हे नाव माझं आहे, वाद्या. १९५१ साली मालमड्डीच्या घरी कट्ट्यावर बसून मी ते काढलं होतं. दगडावरच्या लिखाणाचं नियतकालिक, म्हणून 'कल्बरह'. तू तेव्हा इंटरला होतास आणि माझ्या वाटणीचं चुरमुऱ्याचं गिरमिट खात होतास. कॉलेजने मला दाद दिली नाही, पुढे मी निवृत्तही झालो, पण नाव जपून ठेवलं होतं. आता तू मैसूरला प्राध्यापक, विद्यापीठाचा छापखाना हाताशी, एक नोव्हेंबरच्या राज्योत्सवाला पहिला अंक काढणार! काढ बाबा. मला हेवा वाटतो असं मात्र समजू नकोस. चार दिवस पोटात दुखतंय ते वैनीने केलेल्या एण्णगायीमुळे. वांगी तेलकट झाली होती.

तुझी संपादकीय भूमिका वाचली. लेख कन्नडमध्येच हवेत. का? लंडनला कोण वाचणार ते? शाळामास्तरांनी, पुजाऱ्यांनी, कुणीही लिहावं. लिहू देत, गावोगावचे पुजारी वाटच बघत बसलेत! आणि लेखकाचं नाव काढून लेख दोन जाणत्यांना वाचायला द्यायचा. नाव काढून लेख वाचायचा म्हणजे गोत्र न विचारता सोयरीक जमवायची. माझ्या नावाला छत्तीस वर्षं लागली, ते तू कात्रीने कापणार.

सल्लागारांच्या यादीत माझं नाव पाचवं आहे. अकारविल्हे म्हणे. ते काढून टाक.

कडू लिहिलं असेल तर वर पेढा खा. लोभ होता तेवढाच आहे, वाढवून मागू नकोस.

तुझा अण्णा,
शेषगिरी कट्टी

०

मैसूर, १७ जून १९७४

ती. अण्णांस वादिराजचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा नाही. नाव तुमचंच आहे, पहिल्या अंकात पहिल्याच पानावर तसं छापणार आहे. गिरमिटाचंही छापू का?

नावं का कापतो ते सांगतो, रागावू नका. मी पंचवीस वर्षांचा असताना बेंगळुरूच्या एका मोठ्या संपादकांकडे माझा पहिला लेख घेऊन गेलो होतो. त्यांनी तो उघडलाही नाही. विचारलं, शेषगिरी कट्टींचे तुम्ही कोण? धाकटा भाऊ म्हटल्यावर म्हणाले, मग ठेवून जा, छापू. छापला. आजतागायत मला कळलेलं नाही, तो लेख बरा होता की नुसता तुमच्या भावाचा होता. अण्णा, हेवा काय फक्त थोरल्यांनीच करायचा असतो? तुमच्या नावाचा मी इतकी वर्षं केला. म्हणून ठरवलं, माझ्या नियतकालिकात कुणी कुणाचा भाऊ नसेल.

पद्धत अशी आहे. लेख माझ्याकडे येतो. मी नाव काढतो, क्रमांक घालतो, कचेरीत टाइप करवून सहसंपादक नंजुंडय्यांकडे देतो. तो कुणी वाचायचा ते नंजुंडय्या ठरवतात. लेखक कोण ते मला ठाऊक, वाचणारा कोण ते त्यांना. आम्ही एकमेकांना सांगायचं नाही अशी दसऱ्याच्या देवीची शपथ घातली आहे.

सल्लागार नसाल तर निदान परीक्षक व्हा. तुमच्यासारखं चुका काढणारं माणूस आख्ख्या कर्नाटकात दुसरं नाही, ही स्तुतीच समजा. वैनींना नमस्कार. वांग्यांवर आळ घेऊ नका.

आशीर्वादाचा भुकेला,
वादिराज

०

धारवाड, २ जुलै १९७४

चि. वादिराजभावजींस अंबुजाचे अनेक आशीर्वाद.

पैसे काढायला आले आहे, हे पत्र मी बँकेत बसूनच लिहिते आहे. घरी लिहिलं तर ह्यांना कळेल.

घरात काय चाललंय ते काय सांगू? सकाळी उठल्यापासून कल्बरह, कल्बरह. जेवताना कल्बरह. तुमचा कागद कसला पातळ असणार, नंजुंडय्याला काय अक्कल आहे, हे सगळं ऐकायला मीच. परवा रोट्टी थापत होते, मागे येऊन म्हणाले, वाद्याला सगळं आयतं मिळालं. मी म्हटलं, तुम्हालाही गरम रोट्टी आयतीच मिळते आहे, जेवा. तर न जेवता उठून गेले. अर्ध्या तासाने येऊन तीन खाल्ल्या. परीक्षक व्हायला मात्र तयार आहेत. सुरीला धार लावून ठेवली आहे म्हणतात.

आता माझं सांगते, हसू नका. सोबतचं जाड पाकीट माझा लेख आहे. हो, माझा. ह्यांच्याबरोबर एवढी वर्षं खेडोपाडी शिलालेखांचे ठसे घेत हिंडले. दगड धुवायचा, ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून अक्षरात घालायचा, वरून शाईची गादी फिरवायची, हे सगळं माझं काम. वाचायचं ते ह्यांनी. राजाचं नाव लागलं, कवीचं नाव लागलं की ह्यांचं काम संपायचं. पण दगडाच्या पायथ्याशी, मातीत गेलेली एक ओळ असते. ती मी खुरप्याने मोकळी करायचे. त्यात कोरणाऱ्याचं नाव असतं. केतोज नावाचा एक माणूस मला बावीस वर्षांत कोरलेल्या सात दगडांवर सापडला. पहिल्या दगडावर त्याचं अक्षर कसं ताठ आहे, आणि सातव्यावर हात कापतोय, शेवटच्या चार ओळी दुसऱ्याच कुणीतरी पुऱ्या केल्या आहेत. त्याच्यावर लिहिलं आहे. ठशांचे फोटो काढून घेतले, ठसे परत कपाटात ठेवले.

माहेरचं नाव घातलं आहे, अंबुजा गलगली. ह्यांचे सगळे लेख मीच टाइप केले, भावजी. प्रत्येक वेळी शेवटी ह्यांचं नाव टाइप करताना वाटायचं, एकदा तरी ह्या जागी माझं नाव उमटावं. हेवाच तो. नवऱ्याचा हेवा करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, आता पाहा.

वैनी म्हणून छापू नका. वाईट असेल तर परत पाठवा, घरच्या पत्त्यावर नको, शेजारच्या सीताक्कांच्या पत्त्यावर. तुमच्या माणसांना माझे आशीर्वाद, आणि माझ्यावर आहे ती माया आटू देऊ नका.

तुमची वैनी,
अंबुजा

०

मैसूर, ११ जुलै १९७४

ती. सौ. वैनींस सा. न. वि. वि.

लेख मिळाला. कसा आहे ते मी सांगायचं नाही, तसा नियम मीच केला आहे आणि आज पहिल्यांदा त्याचा राग आला. तुमचा लेख आता क्रमांक सात. टाइप होऊन नंजुंडय्यांकडे गेला. कोण वाचणार ते मला माहीत नाही. सीताक्कांचा पत्ता लिहून घेतला आहे.

केतोजाला माझा नमस्कार सांगा.

तुमचा,
वादिराज

०

धारवाड, २० ऑगस्ट १९७४

चि. वादिराज यास अ. उ. आ.

वाद्या, सापडलास!

तुझ्या नंजुंडय्याने माझ्याकडे वाचायला लेख क्रमांक सात पाठवला. नाव नाही, गाव नाही, वा! पण माझी अठ्ठावन्न वर्षं काय दगड फोडण्यात गेली? हा लेख तुझा आहे. वरच्या राजाला बाजूला सारून खालच्या माणसाला डोक्यावर घ्यायचं, ही तुझीच खोड. आणि पुरावा तर तू स्वतःच जोडला आहेस. हिरेहोळेच्या ठशाच्या डाव्या कोपऱ्यावर शाईचा डाग आहे, कल्लूरचा ठसा मधोमध शिवल्यासारखा चिकटवलेला आहे. हे माझे ठसे आहेत! माझ्या कपाटातले! गेल्या दीपावळीला तू त्या कपाटापुढे तीन तास बसला होतास, मी बाहेर पाहुण्यांना फराळ वाढत होतो. फोटो तेव्हाच काढलेस ना? नाव तर नेलंसच, आता ठसेही नेलेस.

अभिप्राय आजच नंजुंडय्याला टाकला आहे. तीन आक्षेप घेतले. एक, विषय क्षुल्लक, पाथरवटाच्या नावावर बावीस पानं कशाला. दोन, पाचव्या दगडाची तिथी आणि वार जुळत नाही, लेखकाने पंचांग पाहिलेलं नाही. तीन, ठसे प्रा. शेषगिरी कट्टी यांच्या संग्रहातले असून त्यांच्या नावाचा साधा उल्लेख नाही. याला शास्त्रात चोरी म्हणतात. लेख छापू नये.

एवढं सांगूनही छापलास तर सातही सल्लागारांना मी स्वतः पत्रं पाठवीन. पहिल्याच अंकात संपादकाची चोरी! मग कर राज्योत्सव. वाईट मला वाटत नाही असं नाही, पण तुला वाटायला हवं.

आशीर्वाद वर दिलेच आहेत, ते परत घेत नाही.

शेषगिरी

०

धारवाड, २२ ऑगस्ट १९७४

चि. वादिराजभावजींस अनेक आशीर्वाद.

तो अभिप्राय मी टाइप केला.

जेवण झाल्यावर ह्यांनी हाक मारली, कागद भर म्हणाले. मला वाटलं विजेच्या कचेरीला तक्रार असेल. पहिलंच वाक्य ऐकलं, लेख क्रमांक सात. हे खोलीत फेऱ्या मारत सांगत होते, मी ठोकत होते. क्षुल्लक. अर्धकच्चं. कुणा हौशी माणसाचं काम. तिसरा आक्षेप सांगताना तर आवाज चढला, चोरी हा शब्द दोनदा टाइप करायला लावला. मी एक अक्षर बदललं नाही. एका ठिकाणी ह्यांचं वाक्य मध्येच तुटलं होतं ते तेवढं नीट केलं, नेहमी करते तसं.

पण एक सांगू? चहा घेताना मध्येच थांबले आणि स्वतःशीच म्हणाले, हे मला सुचायला हवं होतं. मी टाइप करू का विचारलं. तर माझ्यावरच खेकसले, ते काही लिहू नकोस. नाही लिहिलं. पण ऐकलं ना.

दुसरा आक्षेप बरोबर आहे. तिथी माझी चुकलीच, पंचांग मी घाईत पाहिलं. रात्रंदिवस ज्यांच्या चुका सुधारल्या त्यांनी माझी एक तरी काढली. तिसरा मात्र सोसवत नाही. माझ्याच हाताने घेतलेले ठसे, आणि चोर मी?

पत्र संपवते. डोळे भरून येतात म्हणून नाही, भाजी लागेल म्हणून.

अंबुजा

०

मैसूर, ३१ ऑगस्ट १९७४

ती. सौ. वैनींस सा. न. वि. वि.

नंजुंडय्यांच्या हातून अभिप्राय आला, खाली परीक्षकाचं नाव नाही. तुमचं आणि अण्णांचं पत्र आधीच मिळालं होतं, नाहीतर मला कळलंही नसतं; अण्णा तर लेख माझाच समजतात. हा नियम मी कुठल्या मुहूर्तावर केला कोण जाणे. अण्णांना एका वाक्यात सगळं सांगता येईल. सांगू का? तुम्ही म्हणाल तर आजच धारवाडची गाडी पकडतो. किंवा लेख माझाच होता असं कबूल करून मागे घेतो. आळ माझ्यावर राहील, मला अण्णांच्या शिव्या खायची सवय आहे. पण मग तुमचं नाव कधीच छापून येणार नाही, आणि ते मला नको आहे.

दुसऱ्या वाचकाने लेख छापावा म्हटलं आहे. पण चोरीचा आरोप शिल्लक असेपर्यंत मी छापू शकत नाही. आमच्या पद्धतीत लेखकाला उत्तर देता येतं. नाव न घालता लिहा, ते तसंच परीक्षकाला जाईल. पंधरा सप्टेंबरपर्यंत यायला हवं, नंतर छापखाना थांबणार नाही.

तुमच्या निर्णयाची वाट पाहणारा,
वादिराज

०

धारवाड, ८ सप्टेंबर १९७४

चि. वादिराजभावजींस आशीर्वाद.

तुम्ही येऊ नका आणि माझ्यासाठी चोरही होऊ नका. पंक्तीत पान मांडलंय तर माझं मी जेवीन. उत्तर सोबत आहे, कचेरीत टाइप करून ह्यांच्याकडे धाडा.

'लेख क्रमांक सातच्या लेखकाचं उत्तर. पहिला आक्षेप मान्य नाही. ज्याने दगड कोरला तो क्षुल्लक असेल तर वाचणाऱ्याने वाचायला काय राहिलं असतं? दुसरा आक्षेप मान्य, तिथी सुधारली आहे, परीक्षकांचे आभार. तिसऱ्याबद्दल, हे सातही ठसे प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतले आहेत. परीक्षकांना ते पाहण्याची सोय असल्यास त्यांनी ठसे उलटे करावेत. मागच्या बाजूला, खाली उजवीकडे, पेन्सिलीने लिहिलेलं आहे.'

एवढंच. ह्यांनी आजवर एकही ठसा उलटा करून पाहिलेला नाही, हे मला माहीत आहे. मागे अक्षरं उलटी दिसतात, त्यात वाचण्यासारखं काही नसतं म्हणतात.

काय होईल ते होवो. घाबरले आहे, पण उत्तर परत मागत नाही.

अंबुजा

०

(पोस्टकार्ड)

धारवाड, १९ सप्टेंबर १९७४

भावजी, आशीर्वाद. पाकीट सोमवारी आलं. ह्यांनी वाचलं आणि कपाट उघडलं, मी सीताक्कांकडे निघून गेले. परत आले तर कपाट बंद. आज सकाळपासून दार लावून स्वतः टाइप करतायत, एका बोटाने. कागद भरायलाही येत नव्हता, तरी मला बोलावलं नाही. रिबन गुंतल्याचा आवाज मी ओळखते. तरीही गेले नाही. फार वाईट लिहिलं असेल तर मला कळवू नका. अं.

०

धारवाड, २० सप्टेंबर १९७४

चि. वादिराज यास अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र हाताने लिहितो आहे. काल सुधारित अभिप्राय टाइप करायला पाच तास लागले. तीन ओळी आहेत. आक्षेप एक मागे. आक्षेप तीन मागे. आक्षेप दोन मागे घेत नाही, तिथी चुकलेलीच होती.

ठसे उलटून पाहिले. सातच नव्हे, कपाटातले सगळे, एकशे बारा. प्रत्येकावर पेन्सिलीने गाव, दिनांक, आणि खाली काहीतरी लिहिलेलं. हिरेहोळे, फेब्रुवारी १९४९, पाचवा महिना, वाकवत नाही, पहिला कागद फाटला, हे चिंचेखाली झोपले आहेत. कल्लूर, १९५६, हे आले नाहीत, पुण्याचे पाहुणे होते, मी आणि गाडीवान. त्या कल्लूरच्या लेखात मी छापलं आहे, ठसा मी समक्ष घेतला. आणि जवळजवळ प्रत्येक ठशावर हेच एक वाक्य, खालची ओळ मातीत आहे, उद्या खणायची. वाद्या, पंचवीस वर्षं ती ओळ माझ्या कपाटात होती.

तुझी माफी मागतो. चोरी तू केली नव्हतीस. कुणी केली होती ते तुला कळलंच असेल.

आता एक खरं सांगतो, मैसूरभर करू नकोस. तुझा हेवा मी मनसोक्त केला. त्यात मजा होती. संध्याकाळी चहा घेताना तुझ्या वैनीपुढे बसायचं आणि तुला नावं ठेवायची, ती मान हलवायची, माझं पोट हलकं व्हायचं. पण हा लेख तुझ्यापेक्षा चांगला आहे, माझ्यापेक्षाही. चार दिवस मी जळतोय, आणि बोलून दाखवायला घरात माणूस उरलेलं नाही. ज्या माणसाकडे मी बोलायचो त्याचाच मला हेवा वाटतो आहे.

मला कळलंय हे तिला सांगू नकोस. अंक येऊ दे, नाव ती छापलेलं पाहील, तेव्हा मी पहिल्यांदाच पाहतो आहे असं दाखवीन. मला ते जमणार नाही, पण प्रयत्न करीन.

सल्लागारांत माझं नाव परत घाल. पाचवं चालेल. आणि तुझ्या भूमिकेत एक कलम वाढव, ठसा कुणी घेतला त्याचं नाव दिल्याशिवाय लेख छापायचा नाही. ते कलम मागच्या लेखांनाही लागू कर. माझ्या चौदा लेखांची दुरुस्ती सोबत पाठवतो आहे, पहिल्याच अंकात छाप. टाइप केलेली नाही, कारण टाइप करणाऱ्या बाईंना ती इतक्यात दाखवायची नाही. प्रत्येक लेखापुढे एकच नाव आहे, सांभाळून छाप, चुकवू नकोस.

तुझा अण्णा,
शेषगिरी